नव्या गाडीतून पोळ्याला

मैत्रिणींनो, गाडीचा विषय निघाला की आपण बायका पान उलटतो. इंजिन, गिअर, अश्वशक्ती हे सगळं पुरुषांचं खातं, असं आपणच ठरवून टाकलेलं असतं. पण खरं सांगा, घरात गाडी आली की तिच्यात कोण कुठे बसणार, डबे कुठे ठेवायचे, सासूबाईंना चढता येईल का, बाळाला ओकारी झाली तर पिशवी कुणाच्या हाताशी असायला हवी, हे कोण बघतं? आपणच ना! मग निम्मी गाडी तर आपलीच झाली. म्हणून आज तुम्हांला माझ्याबरोबर अमरावतीहून अकोल्याला नेते. अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. पण या शंभर किलोमीटरांत मला जे कळलं, ते गाडी घेताना कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

आमच्याकडे आली ती टाटांची सफारी. नाव तुमच्या ओळखीचं असेल. पहिली सफारी १९९८ साली निघाली. ट्रकासारख्या सांगाड्यावर उभी केलेली, मागच्या दाराला स्टेपनी लटकवलेली ती धिप्पाड गाडी तेव्हा पुढाऱ्यांच्या आणि कंत्राटदारांच्या दारात दिसायची. २०१९ मध्ये ती बंद झाली आणि २०२१ मध्ये त्याच नावाची, पण अगदी वेगळी गाडी आली. सांगाडा आणि अंग एकजीव असलेली, तीन ओळींची, चालायला मऊ. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचं रूप पुन्हा पालटलं. समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्याची पट्टी आली, आत मोठा पडदा आला, सहा एअरबॅग अगदी साध्या प्रकारातही आल्या. तयार होते आपल्या पुण्यातच. दोन लिटरचं डिझेल इंजिन, १७० अश्वशक्तीचं. लिटरला कंपनीचा आकडा हाती गिअर असलेल्या गाडीला १६.३० किलोमीटर आणि आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीला १४.५० किलोमीटर. प्रत्यक्षात गर्दीच्या रस्त्यावर एवढं मिळत नाही, हे कोणत्याही गाडीच्या बाबतीत गृहीतच धरा.

गाडी घ्यायची ठरली तेव्हा घरात महिनाभर दुसरी चर्चा नव्हती. आमच्या ह्यांना पाहिजे होतं छताचं मोठं काच-झरोकं. धाकट्याला पाहिजे होता मोठा पडदा. थोरलीला मागे पाय हलवला की आपोआप उघडणारी डिक्की भलतीच आवडली. हे सगळं वरच्या प्रकारांत मिळतं आणि त्याचे पैसे लाखांत मोजावे लागतात. आम्ही मोजले. माझ्या धाकट्या जावेचं बाळ दोन वर्षांचं आहे. गाडीत बसवायची लहान मुलांची वेगळी खुर्ची मिळते, ती घ्यायची का, असं तिने हळूच विचारलं होतं. काही हजारांची वस्तू. "आई मांडीवर घेईल की! आपण काय खुर्चीत वाढलो?" असं म्हणून तो विषय तिथेच मिटला. मीही त्यात होकार भरला होता, हे कबूल करते.

आणखी एक गोष्ट कुणालाच सुचली नाही, ती म्हणजे फाटकाचं माप. गाडीची लांबी ४.६७ मीटर, म्हणजे सव्वापंधरा फुटांच्या वर, आणि रुंदी १.९२ मीटर, म्हणजे जवळजवळ सहा फूट चार इंच. त्यात आरसे धरले नाहीत. गाडी दाराशी आली तेव्हा फाटकाच्या खांबांत आणि आरशांत बोटभर जागा उरली! अमरावतीत परकोटाच्या आतलं गाव तुम्ही पाहिलं असेल. जवाहर गेटातून आत शिरलं की सराफ्याकडच्या गल्ल्यांत सायकलसुद्धा अंग चोरून जाते. तिथे अशी गाडी नेऊच नये. चार बाजूंचे कॅमेरे असतात, आणि भिंत किती जवळ आहे ते पडद्यावर दिसतं खरं. पण भिंत काही मागे सरत नाही. तेव्हा पसंतीला जाण्याआधी घरच्या टेपने फाटक, अंगण आणि गल्लीचं वळण मोजून घ्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. त्या दिवसाला आमच्याकडे खांदशेकणी म्हणतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून शेकायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं, असा हा दिवस. माझं माहेर अकोल्याच्या थोडं अलीकडे, बोरगाव मंजूच्या बाजूला, हमरस्त्यापासून तीन किलोमीटर आत आहे. पोळा तिथे करायचा आणि तिसऱ्या दिवशी अकोल्याला नणंदेकडे जायचं, असा बेत होता.

माणसं सात. चालवायला हे, शेजारी सासूबाई. मधल्या ओळीत मी, जाऊ आणि बाळ. शेवटच्या ओळीत माझी दोन मुलं. जागा सात, माणसं सात. हिशेब कसा चोख! पण सातही जागा भरल्या की तीन ओळींच्या कोणत्याही गाडीत सामानाला जागा उरत नाही. आमच्या गाडीत मागे सत्तर-बहात्तर लिटरांचीच फट राहते, म्हणजे एक मधली बॅग आणि डब्यांची पिशवी. शेवटची ओळ पाडली तर मात्र ४२० लिटर जागा होते. आम्ही चार दिवसांचे कपडे, पुरणाचं पातेलं आणि भावासाठी घेतलेला बैलांचा साज असं सगळं आणून फाटकाशी ठेवलं होतं. निम्मं परत घरात गेलं. बाकीचं पायांशी आणि मांडीवर आलं.

सासूबाई गाडीशी येऊन उभ्याच राहिल्या. "मले नाही जमत बाप्पा ह्या उंटावर चढाले," म्हणाल्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला अशा उंच गाड्यांची पहिली पायरीच जड जाते. मग मी देवघरापुढचा पाट आणला. पाटावर एक पाय, दाराच्या आतली मूठ हातात, आधी बसायचं आणि मग दोन्ही पाय आत वळवून घ्यायचे. जमलं! आता तो पाट गाडीतच असतो. तुमच्याकडेही वडीलधारी माणसं असतील तर हे ध्यानात ठेवा. आणि त्यांना शेवटच्या ओळीत कधी पाठवू नका. तिथे वाकून शिरावं लागतं आणि गुडघे पोटाशी येतात. ती जागा मुलांची.

गाडी सुरू झाली तशी टुंग टुंग वाजायला लागली. पट्टे लावा, असं ती सांगत होती. सासूबाई वैतागल्या. "हे काय टुंग टुंग करून राह्यलं? बंद कर ना बाप्पू!" पट्टा लावला की छाती आवळते, असं त्यांचं म्हणणं. ह्यांनी खिशातून एक चपटी क्लिप काढली आणि पट्ट्याच्या खाचेत खुपसली. आवाज बंद! गाडीला वाटलं पट्टा लागला. मागे आम्हीही पट्टे लावलेच नव्हते. बाळ जावेच्या मांडीवर, मग तिने पट्टा लावायचा कसा? आमच्यासाठीही क्लिपा निघाल्या. मी त्याचं कौतुकच केलं. पुढे वाचलं की २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा क्लिपांची विक्री थांबवण्याचे आदेश पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना दिले होते. तरी ती वस्तू आमच्या घरात होतीच.

राजापेठ मागे पडली, बडनेऱ्याचं जंक्शन गेलं आणि अकोल्याचा रस्ता लागला. काय सांगू तुम्हांला! याच रस्त्याने मी लग्नानंतर कित्येक वर्षं माहेरी गेले, ती कंबर धरून. खड्डा आला की एस.टी.तली सगळी बाकं एकदम उडायची. खाली काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, आणि तिच्या पाठीवरचा रस्ता तिच्याबरोबर हलतो. तोच रस्ता आता आरशासारखा! पूर्वीचा सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, आजचा त्रेपन्न नंबरचा. २०२२ च्या जूनमध्ये इथे एक विक्रम झाला. लोणी ते माना या भागात एका पदरीचं सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पुरं केलं. ३ जूनला सकाळी काम सुरू झालं आणि ७ जूनला संध्याकाळी संपलं. रात्रंदिवस सातशेवर माणसं राबत होती. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. आपल्या वऱ्हाडातल्या रस्त्याचं नाव तिथे लागावं याचा अभिमान वाटला हो!

दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर हिरवीगार. सोयाबीन भरात आलेलं. ढगाळ हवा होती म्हणून छताचा पडदा उघडला आणि मुलं आभाळ पाहायला लागली. हे सुख आमच्याकडे पावसाळ्यात आणि हिवाळ्यातच. होळीपासून मृगापर्यंत तो पडदा उघडायची सोय नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तेव्हा काचेच्या छतापेक्षा मागच्या ओळीपर्यंत गार वारा पोचतो का, हे आधी तपासावं. सफारीत तिन्ही ओळींना वाऱ्याच्या झडपा आहेत, ते मात्र मला पसंत पडलं. उन्हात तापलेल्या गाडीत एकदम शिरू नका. चारही दारं दोन मिनिटं उघडी ठेवा, काचा खाली करून थोडं अंतर जा, मग वातानुकूलन लावा. आणि बंद गाडीत मूल पाच मिनिटंसुद्धा ठेवू नका. "आत्ता आलेच" म्हणून गेलेली आई रांगेत अडकते.

रस्ता गुळगुळीत असला की वेग कळत नाही, हेच त्याचं वाईट. आत आवाज नाही, हादरा नाही. काटा शंभराच्या पुढे गेलेला. जाऊ बाळाला दशमीचे तुकडे भरवत होती; एक हात बाळाभोवती, दुसरा डब्यात. मूर्तिजापूर थोडं पुढे राहिलं असेल, तेवढ्यात समोरून, आमच्याच बाजूने, एक पोरगा बैलजोडी घेऊन येताना दिसला. नुकती धुतलेली, शिंगं रंगवलेली जोडी. पलीकडे जायला दुभाजकात जागा नाही म्हणून उलटा चाललेला. बाजूच्या पदरात ट्रक. ह्यांनी ब्रेकवर पाय दाबला. गाडी सरळ रेषेत, जराही न भरकटता, बैलांच्या बऱ्याच अलीकडे थांबली. गाडीने तिचं काम केलं.

पण बाळ थांबलं नाही. जावेच्या हातातून ते साबणाच्या वडीसारखं निसटलं आणि पुढच्या सीटच्या पाठीवर कपाळ आपटून खाली, पायांतल्या पिशव्यांवर पडलं. दशम्यांचा डबा त्याच्यावर. एक क्षण कुणाचाच आवाज नाही, त्याचाही नाही. मग त्याने जो टाहो फोडला, तो ऐकून आम्हांला बरं वाटलं! कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. सासूबाईंनी पुढच्या फळीला हात टेकले म्हणून त्यांचं मनगट दुखावलं. मागे मुलगी रडत होती. बैलजोडी शांतपणे बाजूने निघून गेली.

मूर्तिजापुरात थांबलो. डॉक्टरांनी बाळाला तपासलं, काळजीचं नाही म्हणाले, फक्त रात्रभर लक्ष ठेवायला सांगितलं. बाहेर चहाच्या टपरीपाशी जाऊ बाळाला छातीशी धरून बसली होती, कुणाशी बोलत नव्हती. मूर्तिजापूर म्हणजे गाडगेबाबांच्या पायांची जागा; इथलं गोरक्षण त्यांचंच. आणि इथूनच एकीकडे यवतमाळला, दुसरीकडे अचलपूरला ती शकुंतला निघायची, अडीच फुटी रुळांवरची. आता थांबली बिचारी. माणूस धावत जाऊन पकडू शकेल अशी तिची चाल! त्या चालीत बाळ मांडीवर घेऊन बसण्यात काही बिघडत नव्हतं. आपली सवय त्या काळातली आणि आपला वेग आजचा, हे मला त्या बाकावर बसून पहिल्यांदा कळलं.

गाडीचं पुस्तक तोवर कुणी उघडलं नव्हतं. मी तिथे उघडलं, आणि मोबाइलवर आणखी वाचलं. आमच्या गाडीला पाच तारे आहेत, हे हे सगळ्यांना अभिमानाने सांगत. भारत एन्‌कॅप ही आपल्या देशाची गाड्या आपटून पाहण्याची परीक्षा २०२३ मध्ये सुरू झाली आणि त्याच डिसेंबरात पहिले पाच तारे मिळालेल्या गाड्या म्हणजे टाटांच्याच हॅरिअर आणि सफारी. मोठ्यांसाठी ३२ पैकी ३०.०८ गुण, मुलांसाठी ४९ पैकी ४४.५४. पण मैत्रिणींनो, ते मुलांचे गुण कसे देतात ठाऊक आहे? दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढे पुतळे लहान मुलांच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधून बसवतात आणि मग गाडी आदळवतात. मांडीवरच्या बाळाला एकही तारा नसतो. आम्ही लाखो रुपये मोजून पाच तारे घेतले आणि काही हजारांची खुर्ची व दमडीची क्लिप यांपायी ते तारे घालवून बसलो होतो.

हिशेबही साधा आहे. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर बारा किलोचं बाळ त्या क्षणी दीडशे किलोंहून जास्त जोराने पुढे ओढलं जातं. ज्वारीचं दीड पोतं! कोणत्या आईच्या हातात ते धरायची ताकद आहे? माया कितीही असली तरी मनगट मनगटच. एअरबॅगही पट्ट्याच्या जोडीनेच उपयोगी पडते. पट्टा नसलेला माणूस तिच्यावर जाऊन आदळतो. आणि मागे बसलं म्हणजे सुरक्षित, हाही भ्रम. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, ते मागच्याच सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. कायदाही हेच सांगतो. पट्टा नसेल तर हजार रुपये दंड, आणि चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या खुर्चीत सुरक्षित बसवलेलं नसेल तरी तेवढाच.

मी काही बोलले नाही. ह्यांनी स्वतःच क्लिपा उपसल्या आणि टपरीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. सासूबाईंनी दुखरं मनगट पुढे केलं आणि म्हणाल्या, "मले बी बांध व माय." छाती का आवळत होती तेही मग सापडलं. दाराजवळच्या खांबावर पट्ट्याची उंची कमी-जास्त करायची कळ आहे, आणि सीटही वर-खाली होते. पट्टा गळ्यावर न येता खांद्याच्या मधोमध आला, खालचा मांडीलगत बसला. त्यांची तक्रार संपली. मुलांची खुर्ची मात्र तिथे मिळाली नाही. काटेपूर्णा ओलांडून बोरगावपर्यंत आम्ही सगळ्यांत डावीकडून, इतके हळू गेलो की ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न वाजवून पुढे जात होते.

माहेरच्या फाट्यावर आणखी एक धडा मिळाला. फाट्यापासून गावचा पांदण रस्ता, आणि रात्री पाऊस पडून गेलेला. गाडीत साधा, खडबडीत आणि ओला अशा तीन तऱ्हांच्या रस्त्यांसाठी एक चकती आहे. हे ती फिरवायला निघाले, तर भाऊ बंडी जुंपून वाट अडवूनच उभा! "भाऊजी, गाडी इथंच राहू द्या. पुढं गेली तं ट्रॅक्टर आनावं लागीन," म्हणाला. त्याचं खरं होतं. जुन्या सफारीत चारही चाकांना जोर मिळणारा प्रकार असे; या सफारीला पुढची दोनच चाकं ओढतात. ओल्या डांबरावर ती चकती कामाची, पण काळ्या मातीचा राबडा चाकांना कणकेसारखा चिकटला की कुठलीही चकती चालत नाही. अंगाने दणकट दिसणारी प्रत्येक गाडी शेतात जाणारी नसते. तुमचं शेत, गाव असं आत असेल तर घेण्यापूर्वी एवढं विचारा, की चारही चाकं ओढतात का?

गाडी फाट्यावरच्या दुकानासमोर राहिली आणि आम्ही बंडीत बसलो. सासूबाई दोन जणींचा हात धरून चढल्या आणि पेंढीवर ऐसपैस टेकल्या. दिवसभरात पहिल्यांदा हसल्या. धाकट्याने विचारलं, "आजी, इथे पट्टा?" त्या म्हणाल्या, "ह्या बैलायले इतकी घाई नाही रे." संध्याकाळी बैलांचे खांदे शेकताना मी पाहत उभी होते. ज्या खांद्यावर घर चालतं त्याची वर्षातून एकदा का होईना, आठवण ठेवायची रीत आहे आपली. गाडीच्या बाबतीत आम्ही हार घातला, नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली. आत बसणाऱ्यांचं तेवढं विसरलो.

अकोल्याला पोचल्यावर नणंदेला घेऊन पहिलं काम केलं ते बाळाची खुर्ची आणण्याचं. मधल्या ओळीत कडेच्या सीटच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, त्यांत ती खुर्ची खटकन बसते. तुमच्या गाडीत बोटांनी चाचपून पाहा, सापडतील. खुर्ची मुलाच्या वजनाची आणि उंचीची घ्या, ती गच्च बसली की नाही ते हलवून पाहा, आणि लहानग्याला जितके दिवस जमेल तितके दिवस मागे तोंड करून बसवा. परतताना बाळाने दहा मिनिटं आकांत केला. जावेचा जीव वरखाली होत होता, दोनदा तिचे हात पट्ट्याच्या बकलाकडे गेले. दोन्ही वेळा सासूबाईंनी पुढून मागे न पाहताच सांगितलं, "राहू दे व, रडू दे." बोरगाव यायच्या आत ते झोपलं, ते बडनेऱ्याला उठलं.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरी गाडीची चर्चा सुरू झाली की स्वयंपाकघरात बसू नका, बाहेर येऊन बसा. पडदा केवढा, छत काचेचं का, हे विचारायला घरात पुष्कळ जण असतात. सातही जागांना पट्टे कसे आहेत आणि बाळाच्या खुर्चीची सोय कुठे आहे, हे तुम्ही विचारा.